हवापालटाचे दोन मार्ग : महाबळेश्वर आणि मुंबई

सुटीत कोठे जावे हा प्रश्न सोलापुरातील पुष्कळ कुटुंबांत, बरीच नावे घेऊन झाल्यावर, अखेर दोनच नावांपाशी येऊन ठेपतो : एक महाबळेश्वर आणि दुसरे मुंबई. एका पक्षाची मंडळी वेण्णा तलावावरील नौका, गार वारा आणि दाट झाडी पुढे करतात. दुसऱ्या पक्षाची मंडळी समुद्र, वस्तुसंग्रहालये, नाटके आणि बाजारपेठा यांची यादी वाचतात. आणि बहुमताने म्हणा किंवा घरातील वडीलधाऱ्यांच्या हुकमाने म्हणा, जो निकाल लागतो त्याची अंमलबजावणी होत असता हरलेल्या पक्षाची कुरकुर प्रवासभर चालूच राहते. याचे कारण असे की, या वादात दोन्ही स्थळांच्या गुणांची मोजदाद मोठ्या बारकाईने होते, पण जाणाऱ्या माणसांना आलेला शीण कोणत्या जातीचा आहे याची चौकशी मात्र कोणीच करीत नाही. रोगाचे निदान होण्यापूर्वीच औषधावरून भांडावे, तसा हा प्रकार आहे.

सोलापूर हे समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेले शहर. मे महिन्यात येथील कमाल उष्णतामानाची सरासरी ४० अंश सेल्सिअसच्या घरात जाते आणि काही दिवस पारा ४३-४४ पर्यंत चढतो. अशा गावी जन्म काढणाऱ्या माणसास एक खोड जडते. अंग मोडून आले, कामात लक्ष लागेनासे झाले, मुलांवर विनाकारण राग निघाला, की तो सर्व गोष्टींचा बोल उन्हाला लावून मोकळा होतो. वस्तुतः शीण दोन प्रकारचा असतो. एक शरीराचा : रात्री झोप पुरी न झाल्याने, घाम गाळून, सतत तापलेल्या भिंतींच्या आत राहून आलेला. दुसरा मनाचा : तीच कचेरी, तोच रस्ता, तीच माणसे आणि तेच संभाषण यांच्या पुनरावृत्तीने आलेला. पहिल्यास शीतलता आणि स्वस्थता लागते. दुसऱ्यास नावीन्य आणि वैचित्र्य लागते. दोहोंचे निवारण एकाच स्थळी होईल अशी अपेक्षा धरणे व्यर्थ होय.

आपल्याकडील जुन्या प्रवासपद्धतीत हा पेच उत्पन्नच होत नसे, कारण तेथे स्थळाची निवड पंचांग आणि कुलाचार करीत. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट आणि गाणगापूर ही क्षेत्रे सोलापूरच्या आसमंतात असल्यामुळे येथील माणसाला यात्रेकरूही व्हावे लागे आणि यात्रेकरूंचा यजमानही व्हावे लागे. केवळ हवा बदलावी म्हणून घर सोडणे ही कल्पना इंग्रजी अमदानीतली, आणि तीही प्रथम सरकारी अंमलदारांच्या प्रकृतीच्या निमित्ताने रूढ झालेली.

महाबळेश्वरची हकीगत याचे उत्तम उदाहरण होय. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगमस्थान मानले जाणारे पंचगंगेचे देवालय आणि शेजारचे महाबळेश्वराचे स्थान पुरातन. परंतु थंड हवेचे ठिकाण म्हणून जे गाव आपण ओळखतो, त्याची वस्ती दोन शतकांहून जुनी नाही. १८२४ साली लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी या पठाराच्या कड्यापर्यंत चढून आला. त्याने केलेल्या वर्णनाकडे यथावकाश मुंबईचे गव्हर्नर सर जॉन मालकम यांचे लक्ष गेले. आणि १८२९ साली सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी तहनामा होऊन, वाई प्रांतातील खंडाळा गावाच्या मोबदल्यात हा मुलूख कंपनी सरकारकडे आला. नव्या पेठेस मालकमपेठ असे नाव पडले. तेथील बागाईत वाढविण्याच्या कामी पूर्वेकडील वसाहतींतून आणलेले चिनी कैदीही राबले. पुढे तर मुंबई सरकारचा शिरस्ताच असा पडला की, हिवाळ्यात मुक्काम मुंबईस, कडक उन्हाळ्यात महाबळेश्वरास आणि पावसाळ्यात पुण्यास. गव्हर्नरसाहेबांच्या मागोमाग खलिते, दप्तरे, कारकून आणि चपराशी असा सारा सरंजाम घाट चढून वर जाई. म्हणजे ज्या डोंगरावर आज आपण कचेरी विसरण्यासाठी जातो, त्याची भरभराट कचेरी वर नेल्यामुळे झालेली आहे.

तलावाविषयीही असाच एक गोड गैरसमज आहे. वेण्णा तलाव हा निसर्गाने निर्मिलेला जलाशय नव्हे. सातारच्या गादीवरील शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज यांच्या कारकिर्दीत, १८४२ साली, तो बांधून काढण्यात आला. त्याचा विस्तार सुमारे २८ एकर आहे. आकाराने पाहता सोलापूरकराने त्याचे फार कौतुक करावे असे काही नाही. सिद्धेश्वराच्या देवालयाभोवतीचे पाणी, त्यास लागून उभा भुईकोट किल्ला, विजापूर रस्त्यावरचा कंबर तलाव, आणि १८७१ साली पुरा झालेला एकरुखचा, म्हणजे लोकांच्या तोंडी हिप्परग्याचा, विस्तीर्ण तलाव अशी जलाशयांची संपत्ती त्याच्या स्वतःच्या गावातच आहे. मग सोलापूरकर एवढा मार्ग आक्रमून पाहावयास जातो ते पाणी नव्हे. पाण्याच्या सभोवतीची हवा ही त्याची खरी प्राप्ती होय.

ही हवा थंड का, याचा थोडा विचार केला पाहिजे. कारण डोंगर सूर्याच्या अधिक जवळ असूनही तेथे गारवा कसा, असा प्रश्न शाळकरी मुले विचारतात आणि मोठ्यांना त्याचे उत्तर देता येत नाही. सूर्यकिरण हवेला फारसे थेट तापवीत नाहीत. ते जमीन तापवितात आणि जमीन हवेला तापविते. तापलेली हवा वर चढू लागली की तिच्यावरील दाब कमी होतो, ती प्रसरण पावते आणि प्रसरणात आपली उष्णता खर्च करून थंड होते. स्थूलमानाने दर हजार मीटरला साडेसहा अंश असा हा उतार असतो. महाबळेश्वर सोलापूरपेक्षा सुमारे ९०० मीटर उंच. म्हणजे केवळ उंचीच्या हिशेबाने सहा अंशांचा फरक पडावा. प्रत्यक्षात मे महिन्यात तेथील कमाल उष्णतामान तिशीच्या आतबाहेर राहते, म्हणजे अंतर दहा अंशांवर जाते. ही जास्तीची सवलत समुद्राने दिलेली आहे. सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावर कोकणातून वर येणारा वारा दमट आणि तुलनेने शीतल असतो, आणि पठारावरील जंगल जमिनीला तापू देत नाही.

हिवाळ्यात याच तलावाच्या काठी आणखी एक चमत्कार दिसतो. डिसेंबर-जानेवारीच्या एखाद्या निरभ्र, निवांत रात्री वेण्णेच्या परिसरातील दवबिंदू गोठून गवतावर आणि नौकांच्या धक्क्यावर पांढरा थर साचतो, आणि त्याच वेळी थोड्याच अंतरावरच्या बाजारपेठेत मात्र तसे काही आढळत नाही. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे झपाट्याने टाकून देते. तिच्या स्पर्शाने थंड झालेली हवा जड होऊन उतारावरून सखल जागी उतरते आणि तेथे साठून राहते. तलाव हा अर्थातच सखल भागी असल्यामुळे थंडीचा सर्वांत मोठा हिस्सा त्याच्या वाट्यास येतो. लहान मुलांना बरोबर नेणाऱ्यांनी लोकरीचे कपडे घेताना हे ध्यानात ठेवावे.

सोलापूरहून तेथे जाण्याचा रस्ता स्वतःच एक भूगोलाचा धडा आहे, आणि मोटारीच्या खिडकीशी बसलेल्या मुलास तो कोणी समजावून सांगितला तर निम्मी सहल वाटेतच सार्थकी लागेल. पंढरपूर मागे टाकून म्हसवड, गोंदवले, दहिवडी या माणदेशातील गावांवरून गाडी जाते तेव्हा वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा, खुरट्या गवताचा आणि मेंढपाळांचा प्रदेश दोहों बाजूंस पसरलेला असतो. सातारा आले, वाई आली, पसरणीचा घाट चढून पाचगणी आली, की पावसाचे मान दोन हजारांच्या जवळपास पोचते; आणि तेथून अवघ्या वीसएक किलोमीटरांवरील महाबळेश्वरी ते साडेपाच-सहा हजारांवर जाते. अरबी समुद्रावरून आलेले ढग कड्यावर आपले बहुतेक ओझे उतरवितात आणि पूर्वेकडे रिकाम्या हाताने येतात. सोलापूरच्या कोरडेपणाचे आणि महाबळेश्वरच्या हिरवेपणाचे कारण असे एकच आहे. तरीही डोंगर आपल्याला सर्वस्वी विन्मुख पाठवीत नाही. वेण्णा माहुलीच्या संगमावर कृष्णेस मिळते. सोलापूर जिल्ह्यातून वाहणारी भीमा रायचूरच्या उत्तरेस कृष्णेत विलीन होते. आणि भीमाशंकरी उगम पावलेल्या त्या भीमेवर उजनी येथे बांधलेल्या धरणाचेच पाणी आज सोलापूर शहर पिते.

आता दुसरा पक्ष. मुंबई सोलापूरच्या टप्प्यात आली ती लोहमार्गामुळे. १८६० साली सोलापुरास आगगाडी पोचली, पण त्या वेळी बोरघाटाचे काम अपुरे असल्याने उतारूस खंडाळ्याच्या माथ्यावर गाडी सोडून, घाट पालखीने वा अन्य वाहनाने उतरून, खाली पुन्हा गाडी धरावी लागे. १८६३ साली घाटातील मार्ग खुला झाला आणि ही खंडित वाट सलग झाली. योगायोग असा की गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तकही त्याच साली प्रसिद्ध झाले. म्हणजे घाटावरच्या मराठी वाचकाला मुंबईस जाण्याचा मार्ग आणि तेथे काय पाहावे याची माहिती ही दोन्ही एकाच वर्षी उपलब्ध झाली. आज सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालेला माणूस सकाळी मुंबईस उतरतो, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत गाडी सुमारे ४५५ किलोमीटरांचे हे अंतर साडेसहा तासांच्या आसपास तोडते. ज्यांना घाटाच्या वळणांवर गाडी लागते, त्यांच्या दृष्टीने हा रूळांचा मार्ग ही लहानसहान सोय नव्हे.

मुंबई म्हणजे पाण्यातले शहर, परंतु पिण्याच्या पाण्यासाठी तिलाही डोंगरातील तलावांकडेच पाहावे लागले. बेटांवरील विहिरी आणि टाकी अपुरी पडू लागल्यावर १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले; त्यापाठोपाठ १८७९ साली तुळशी आणि १८९२ साली तानसा; आणि विसाव्या शतकात वैतरणा व भातसा. सह्याद्रीच्या कुशीत अडविलेले हे पाणी जर नसते तर मलबार टेकडी, गिरणगाव, दादर, परळ यांपैकी काहीच आजच्या रूपात उभे राहू शकले नसते. तेव्हा डोंगरातील तळे आणि महानगर ही जणू परस्परविरोधी तत्त्वे आहेत असे मानून वाद घालणारांनी, त्यांतील एकाच्या जिवावर दुसरे जगते ही गोष्ट विसरू नये.

मुंबईच्या हवेसंबंधी मात्र सोलापूरकराची हटकून फसगत होते. वर्तमानपत्रात मे महिन्याचे कमाल उष्णतामान मुंबईस ३३ आणि सोलापुरास ४१ असे वाचून तो समजतो की आपण थंड गावी चाललो आहोत. आणि दादरच्या पुलावर पाय ठेवताच सदरा अंगास चिकटतो. माणसाचे शरीर थंड राहते ते घामाच्या बाष्पीभवनाने. कोरड्या हवेत घाम येताक्षणी उडून जातो आणि जाताना त्वचेची उष्णता घेऊन जातो. सोलापुरी उन्हाळ्यात मडक्यातले पाणी गार होते ते याच नियमाने. मुंबईच्या हवेत मुळातच बाष्प इतके भरलेले असते की नवे बाष्प घेण्यास तिच्यात जागा उरत नाही; घाम उडत नाही, ओघळत राहतो, आणि ३३ अंशांतही जीव कासावीस होतो. सारांश, शरीराच्या शिणावर उपाय म्हणून मे महिन्यात मुंबई हे स्थळ सर्वथैव गैरलागू आहे.

परंतु मनाच्या शिणावर तिच्यासारखा उपाय नाही. नगराच्या दक्षिण भागात आणि त्याच्या आसपास किती युगे शेजारी शेजारी नांदतात ते पाहावे. घारापुरीची लेणी आहेत. १८३३ साली पुरा झालेला आणि एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाने प्रसिद्ध असलेला टाऊन हॉल आहे. १८७८ साली उभा राहिलेला राजाबाई मनोरा आहे. ज्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमध्ये गाडी उभी राहते तीच इमारत २००४ पासून जागतिक वारसास्थानांत गणली जाते. १९२२ साली जनतेस खुले झालेले, आज छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने ओळखले जाणारे वस्तुसंग्रहालय आहे. आणि वरळीस १९७७ साली सुरू झालेले नेहरू तारांगण आहे. याखेरीज शिवाजी मंदिरातील नाटक, गिरगावची चौपाटी, इराण्याचा चहा आणि लोकलच्या डब्यातील ती अफाट गर्दी, जिच्यात आपल्याला कोणी ओळखीत नाही याचेही गावातील माणसाला एक प्रकारचे सुख वाटते. अट एवढीच की, एका दिवसात दोनांहून अधिक स्थळे पाहण्याचा हव्यास धरू नये, दुपारची वेळ छताखालच्या स्थळांसाठी राखावी, आणि साप्ताहिक सुटीचे वार आधी विचारून घ्यावेत. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि राणीचा बाग बुधवारी, ही माहिती धक्क्यावर किंवा फाटकाशी पोचल्यावर मिळून उपयोगाची नाही.

या दोन प्रकारच्या विश्रांतीविषयी मानसशास्त्रज्ञांनीही बराच विचार केलेला आहे. मिशिगन विद्यापीठातील स्टीफन व रेचेल कॅप्लान या दांपत्याने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, हिशेब, वाचन, वाहतुकीतून वाट काढणे अशा कामांत मनुष्य प्रयत्नपूर्वक जी एकाग्रता साधतो ती वापरून वापरून थकते. झाडे, ढग, पाण्यावरचे तरंग यांकडे लक्ष आपोआप आणि अलगद वेधले जात असल्याने त्या काळात ती थकलेली शक्ती भरून येते. त्यापूर्वी, १९८४ साली, रॉजर उल्रिच यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या दप्तरावरून पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्यांची तुलना केली. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. उलटपक्षी, २०१० साली नेदरलँड्समध्ये दीड हजारांहून अधिक लोकांची जी पाहणी झाली, तीत असे आढळले की सुटीहून परतल्यावर बहुतेक प्रवासी न गेलेल्यांपेक्षा अधिक सुखी नव्हते. ज्यांची सुटी अतिशय निवांत गेली तेवढेच काय ते अपवाद. मात्र जाण्यापूर्वीच्या दिवसांत, बहुधा बेत आखण्याच्या आनंदाने, जाणारे न जाणाऱ्यांपेक्षा अधिक उल्हसित होते. तेव्हा सुटीचा बेत लवकर ठरवावा, हा या संशोधनातून निघणारा अगदी बिनखर्ची लाभ आहे.

खर्चाचा आणि घरातील माणसांचा विचार राहिला. डोंगरावर हंगामात, म्हणजे नाताळात आणि एप्रिल-मे महिन्यांत, खोलीचे भाडे चढते आणि एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर जाण्यास मोटार करावी लागते. मुंबईत निवासाचा खर्च बारमाही जबर, पण एकदा राहण्याची सोय लागली की लोकल आणि बस यांनी अल्प पैशांत शहरभर फिरता येते. ही सोय बहुधा आप्तांच्या घरी लागते, आणि तेथेच एक अन्याय घडतो. दोन खोल्यांच्या घरात पाहुणे म्हणून उतरलेल्या कुटुंबातील पुरुष आणि मुले शहर पाहावयास बाहेर पडतात, आणि गृहिणी यजमानीणबाईंच्या जोडीला पोळ्या लाटीत बसते. तिच्या वाट्यास केवळ चुलीची बदली येते. महाबळेश्वरी खाणावळीचे जेवण घेणाऱ्या कुटुंबात हीच बाई तलावाच्या काठी काही न करता बसू शकते. म्हाताऱ्या माणसांचे गुडघे घाटमाथ्यावरील उंचसखल वाटांवर दुखतात हे खरे, पण मुंबईच्या स्थानकांवरील जिने काही कमी नाहीत. बारा-चौदा वर्षांच्या पुढील मुलांना मात्र तळ्याकाठी दुसऱ्या दिवशी कंटाळा येतो; त्यांच्या शिक्षणाच्या दृष्टीने एक वस्तुसंग्रहालय दहा नौकाविहारांपेक्षा अधिक मोलाचे.

या सर्व चर्चेचा निष्कर्ष काढू जाता असे दिसते की जुन्या मुंबई सरकारचा तो फिरता शिरस्ता, त्यातील ऐषआराम वगळला तर, पुष्कळ शहाणपणाचा होता. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरकराचे शरीर शिणलेले असते. तेव्हा त्याने खुशाल डोंगर गाठावा आणि तेथे पाहण्याच्या स्थळांची यादी खिशात न ठेवता नुसते राहावे. जुलै-ऑगस्टमध्ये दोन्ही स्थळे पावसाच्या ताब्यात असतात. महाबळेश्वरी धुक्याने कडे दिसत नाहीत आणि नौकाविहार बंद असतो. दिवाळीनंतर सोलापूरची हवा स्वतःच इतकी सुखावह होते की गारव्यासाठी पैसे मोजण्याचे प्रयोजन उरत नाही. त्या दिवसांत मनाला वैचित्र्य हवे असते, आणि मुंबईचा घामही तेव्हा आटोक्यात असतो. संक्रांतीच्या सुमारास अर्थातच घर सोडू नये, कारण सिद्धेश्वराची यात्रा आणि तिच्या निमित्ताने भरणारा गड्डा सोडून परगावी जाणाऱ्या सोलापूरकराची समजूत घालणे कोणासही शक्य नाही.

एवढ्यावरही ज्याचा निर्णय होत नसेल त्याच्यासाठी एक फुकटची परीक्षा आहे. तिकिटे काढण्यापूर्वी एका संध्याकाळी घरच्या सर्वांना घेऊन हिप्परग्याच्या किंवा कंबर तलावाच्या काठी तासभर बसावे. तासाअखेरी जो आणखी थोडा वेळ बसू म्हणेल त्यास तळ्याची गरज आहे असे समजावे. जो पंधरा मिनिटांतच आता पुढे काय म्हणून विचारू लागेल त्यास मुंबईस पाठवावे. आणि घरात दोन्ही पक्ष समसमान निघाले, तर दोन सहली परवडत नसल्या तरी दोन वर्षे सर्वांनाच मिळणार आहेत, हे ध्यानी घेऊन या वर्षी अधिक थकलेल्याच्या बाजूने कौल द्यावा.